नॉर्मलची बाटली

कोडोलीकडच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या विशाखा मॅडमना पोरं पाठीमागं 'पुरावा मॅडम' म्हणायची. नाव चिडवायला ठेवलेलं, पण उगाच ठेवलेलं नव्हतं. एखादं पोरगं "मॅडम, पोट दुखतंय, काल गाड्यावरचं खाल्लं" म्हणत घरी जायची परवानगी मागायला आलं, की मॅडम हातातला खडू खाली ठेवायच्या. "पोट दुखतंय हे निरीक्षण. गाड्यावरचं खाल्लं म्हणून दुखतंय हा अंदाज. तुझ्याबरोबर कोणकोण होतं? त्यांचं दुखतंय का? मग?" पोरगं बिचारं पोट धरून परत बाकावर जाऊन बसायचं.

शिकवायच्या मात्र झकास, हे त्यांना नावं ठेवणारेसुद्धा कबूल करतील. पेशीचा धडा सुरू झाला की म्हणायच्या, "पाणी, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, थोडी साखर, थोडं मीठ. पैलवान असू दे नाहीतर तहसीलदार, आतलं सामान सगळ्यांचं एकच." प्रथिनांची घडी उष्णतेनं मोडते आणि एकदा मोडली की परत बसत नाही, हे सांगताना त्यांची पैज ठरलेली: उकडलेलं अंडं कुणी कच्चं करून दाखवलं तर मी नोकरी सोडते. मूत्रपिंडाला त्या गाळणी म्हणायच्या. चहाची पावडर गाळणीत राहिली आणि चहा कपात आला तर गाळणी चांगली. पावडर कपात आली तर समजायचं काय ते. प्रथिनं रक्तातच राहायला पाहिजेत, लघवीत उतरता कामा नयेत, एवढं त्या पोरांच्या डोक्यात असं बसवायच्या की पोरं लग्न होऊन गेली तरी विसरायची नाहीत.

आता त्या बाटलीचं सांगायला पाहिजे, कारण सगळं तिच्यापासूनच आहे.

अकरावी-बारावीच्या प्रात्यक्षिकात लघवीची तपासणी असते. एक बाटली 'नॉर्मल' आणि एक बाटली 'ॲबनॉर्मल'. ॲबनॉर्मल करणं सोपं: त्याच लघवीत अंड्याचा पांढरा भाग फेटून घालायचा आणि थोडं ग्लुकोज टाकायचं. प्रश्न नॉर्मलचा. मॅडम नवीन होत्या तेव्हा त्यांनी सरळ वर्गाला सांगितलं, उद्या येताना कुणीतरी घेऊन या. झालं. पोरं आठवडाभर एकमेकांच्या पाठीवर थापा मारत हसत होती, पोरी मान वर करीनात, आणि एका पोरीचे वडील तर मिशीला पीळ देत प्राचार्यांच्या केबिनमध्ये येऊन बसले. प्राचार्य म्हणाले, मॅडम, तुमचं तुम्ही काय ते बघा. विशाखा मॅडमनी बघितलं. त्या वर्षापासून नॉर्मलची बाटली त्यांची स्वतःची. सकाळी येताना पिशवीतून आणायची आणि प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवायची. प्रयोगशाळेतला शिपाई केरबा ती तिथून काढून घ्यायचा. बाटली कुणाची, हे सगळ्या कॉलेजला ठाऊक आणि कुणालाच ठाऊक नाही. आपल्याकडं अशा गोष्टी अशाच चालतात आणि वर्षानुवर्षं बऱ्या चालतात.

मॅडमना त्याची लाज नव्हती, उलट जरा अभिमानच होता. स्टाफरूममध्ये कुणाला बीपी, कुणाला शुगर. त्या हसून म्हणायच्या, "मी बाबा बोर्डाची नॉर्मल आहे."

त्यांचा धाकटा भाऊ अतुल कबनूरला यंत्रमागांची दुरुस्ती करायचा. माग कुठला बिघडलाय हे शेडच्या दारातून नुसत्या आवाजावरून सांगणारा माणूस. गेल्या वर्षी त्याला धाप लागायला लागली. आधी दम्याचं औषध झालं, मग रक्त कमी म्हणून गोळ्या झाल्या, आणि शेवटी कोल्हापूरच्या दवाखान्यात कळलं की दोन्ही मूत्रपिंडं गेलेली आहेत. तेव्हापासून आठवड्यातून ठरलेल्या वारी डायलिसिस. माणूस वाळून चिपाड झाला. डॉक्टर म्हणाले, यंत्रावर किती काढणार, घरातलं कुणी मूत्रपिंड देत असेल तर बघा. बायको प्रीती लगेच तयार झाली, पण तिचा रक्तगट जुळेना. आई सरुबाईंना साखर, अतुलची दोन्ही पोरं अजून लहान. राहिली बहीण.

"माझं घ्या. मी देतो," विशाखा म्हणाली. वर्गात तिचं मराठी पुस्तकातलं असायचं, पण माहेरच्या माणसांत कोल्हापूरकडच्या बायका 'मी देतो'च म्हणतात. रक्तगट जुळला. बाकीच्या तपासण्या प्रात्यक्षिक परीक्षा संपल्या की करायच्या ठरल्या. नवऱ्यानं दोन दिवस तोंड पाडलं आणि मग हो म्हणाला. दहावीतली लेक मोना तेवढी रडली. त्या दिवसापासून कबनूरच्या घरात विशाखाची सरबराई सुरू झाली. गेली की पुढ्यात उकडलेली अंडी, तुपाची वाटी, निघताना डबा. सरुबाई सुनेला म्हणायच्या, "हिला वाढ गं आणि. ही देणारी हाय." अतुल खाटेवरून बघायचा. त्याला स्वतःला पाणीसुद्धा मापानं.

परीक्षेच्या दिवशी केरबा नव्हता. त्याच्या पुतणीचं लग्न होतं, त्यामुळं मॅडमनी दोन्ही बाटल्या स्वतःच मांडल्या. बाहेरून आलेले परीक्षक खुर्चीत बसून चहा पीत होते. पोरांनी स्पिरिटचे दिवे पेटवले.

"मॅडम, नॉर्मलला पण ढग आलाय."

बोलली ती तेजस्वी, पहिल्या बाकावरची पोरगी. हातात परीक्षानळी धरलेली, आणि वरच्या तापलेल्या भागात पांढरं धुकं.

"नळी धुतली नसशील."

"धुतलोय की, मॅडम."

"ॲसिड टाक दोन थेंब." ही खूण मॅडमच शिकवायच्या. नुसत्या क्षारांचं धुकं असलं तर ॲसेटिक ॲसिडच्या थेंबानं विरून जातं. प्रथिनांचं असलं तर राहतं. तेजस्वीनं थेंब टाकले. धुकं राहिलं. तोवर शेजारच्या बाकावरून तेच, मागच्या बाकावरून तेच. दूध नासल्यासारख्या नळ्या रांगेनं उभ्या राहिल्या.

परीक्षक हसले. "काय मॅडम, नॉर्मलमध्येही अंडं घातलं वाटतं?"

"बाटली आधीच धुतलेली नसणार, सर. शिपायाचा हलगर्जीपणा." लग्नात अक्षता टाकत असलेल्या केरबावर मॅडमनी बसल्या जागी ढकलून दिलं. मग वर्गाकडं वळून म्हणाल्या, "नॉर्मलला अल्ब्युमिन, म्हणजे प्रथिन, नाही, असंच लिहायचं. पुस्तकात आहे तसं."

सगळ्यांनी तसं लिहिलं. तेजस्वीनं 'आहे' लिहिलं. मॅडमनी लाल पेनानं ते खोडलं आणि पोरीकडं न बघता पुढं गेल्या. पुरावा मॅडमनी पुरावा खोडला, आणि तोही सगळ्या वर्गादेखत. माणूस घाबरला की असंच करतो, पण त्या वेळी आपण घाबरलोय हे त्यांना स्वतःलाच कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे, घर उठायच्या आत, त्यांनी स्वयंपाकघरात गॅस लावला. नवी बाटली, गरम पाण्यानं धुतलेली नळी. ढग आला. थेंब टाकले. ढग राहिला.

ठीक आहे, त्या म्हणाल्या, एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नसतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी अकरावीच्या पोरांना घेऊन पन्हाळा चढलो होतो. श्रम झाले की थोडं प्रथिन उतरतं. दोन दिवस जिना सोडून काही चढल्या नाहीत. ढग आला. अंगात कणकण असेल, तर थर्मामीटर लावला. ताप नव्हता. अंडी फार खाल्ली जातायत म्हणून अंडी बंद केली, खरं तर खाल्लेलं अंडं असं उतरत नसतं हे त्यांनीच पोरांना शंभरदा सांगितलेलं. नळीच खराब असेल म्हणून तिच्यात नुसतं पाणी तापवलं. पाणी काचेसारखं स्वच्छ राहिलं. एकेक शंका काढून टाकायची आणि उरेल ते मान्य करायचं, हीच तर त्यांची शिकवण. आता शंका संपत चालल्या होत्या आणि उरत होतं ते त्यांना नको होतं.

रविवारी त्या कबनूरला गेल्या. सरुबाईंनी दारातच त्यांची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं.

"झोपली न्हाईस व्हय गं?"

"झोपलो की."

"मग डोळ्याखाली का फुगलंय? तुझ्या बाबाचं तोंड असंच दिसायचं सकाळचं."

वडील बाबासो जाऊन फार वर्षं झाली होती. पाय सुजायचे, डोळे सुजायचे. उभ्यानं काम करून होतंय असं शेजारी म्हणायचे, कुणीतरी करणी केलीय असंही म्हणायचे. ते खाटेवर पडले आणि गेले. कशानं गेले हे कुणी विचारलं नाही, आणि विचारून सांगणारं तरी कोण होतं? विशाखा तेव्हा कॉलेजात शिकत होती. तिनंही विचारलं नव्हतं.

प्रीतीनं अंडी सोलून पुढं ठेवली. विशाखानं ताटली बाजूला सरकवली. आत खाटेवरून अतुल म्हणाला, "आक्का, तुझ्या तपासण्या झाल्या की डॉक्टर तारीख देतो म्हणलाय." तिनं मान हलवली. सांगायचं धाडस झालं नाही.

अजून एक आधार तिनं घट्ट धरून ठेवला होता. इतकी वर्षं दरवर्षी आपली बाटली पोरांनी तापवली, आणि गेल्या वर्षापर्यंत एकाही नळीत काही आलं नाही. म्हणजे हे आजचं आहे, ताजं आहे, कशानं तरी झालंय आणि जाईल. जुना आजार असा एका रात्रीत उगवत नाही. इतक्या वर्षांचा पुरावा काही खोटा नसतो, असं ती स्वतःला रोज सकाळी सांगायची.

सोमवारी केरबा आला. लग्नाचे लाडू घेऊन आला, आणि स्टाफरूममध्ये त्याला कुणीतरी परीक्षेची हकीकत आधीच सांगितलेली. त्याचा चेहरा उतरलेला होता.

"माझंच चुकलं, केरबा. तुमचं नाव घेतलं मी," मॅडम म्हणाल्या. "बाटली मीच मांडली होती."

"त्याचं काय न्हाय, मॅडम." तो हातातल्या डब्याचं झाकण लावत, काढत उभा राहिला. "माझंच चुकलं. मी असायला पाहिजे होतो. मी असतो तर आलाच नसता ढग."

"म्हणजे?"

केरबानं डब्याचं झाकण घट्ट बसवलं.

"म्हणजे काय, केरबा? मागच्या वर्षी नव्हता ना आला?"

"पोरांच्या नळीत नव्हता."

मॅडमनी स्टूल ओढलं आणि बसल्या. केरबानं दाराकडं एकदा बघितलं आणि मग खालच्या आवाजात सांगायला लागला. एका वर्षी रसायन जुनं निघालं होतं आणि परीक्षकानं चारचौघांत मॅडमना बोल लावले होते. तेव्हापासून परीक्षेच्या दिवशी पोरं यायच्या आधी तो सगळं एकदा करून बघायचा. तीन वर्षांमागं नॉर्मलची नळी तापवली तर वर पांढरं आलं. त्याला वाटलं, अंडं सांडलं असेल. दुसऱ्या नळीत बघितलं, तिच्यातही आलं.

"परीक्षक तर गेटात आलता. तुमीच म्हणला होता की, परीक्षेला नॉर्मल ही नॉर्मलच आली पाहिजे केरबा, बाकी मला काय सांगू नका. मग मी तुमची वतून टाकली आणि माझी ठेवली."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी बी तसंच झालं. मग बघायचंच सोडलं. थेट माझीच ठेवायला लागलो."

"मला सांगितलं का नाही?"

"कसं सांगायचं, मॅडम?" केरबा जमिनीकडं बघत म्हणाला. "बाईमाणसाला असलं काय इचारायचं? मला वाटलं बायकांचं काय तरी असंल. तुमची बाटली खराब निघाली असं म्हणलं तर तुमची लाज गेली असती."

त्याचं काय चुकलं, तुम्हीच सांगा. चांगल्या घरच्या माणसानं जे करावं तेच त्यानं केलं. मॅडमचं नाव राखलं, परीक्षा राखली, स्वतःच्या कामाचा गाजावाजा केला नाही. असल्या चांगुलपणानं आपल्याकडं किती माणसं गेली याचा हिशेब कुणी ठेवत नाही, ठेवला तर झोप लागायची नाही.

मॅडमना राग आला. पण तो कुणावर काढायचा? आता त्यांना अतुल दिसत होता. तीन वर्षांपूर्वीचा अतुल, मागाच्या आवाजावर बोट ठेवणारा, धाप नाही, सूज नाही. त्या वर्षी हा ढग आपल्याला दिसला असता, तर आपण डॉक्टरकडं गेलो असतो. डॉक्टरनं विचारलं असतं, घरात आणखी कुणाला? वडिलांचे पाय आठवले असते. भावाला ओढत नेऊन त्याची लघवी तपासली असती. गोळ्या होत्या, पथ्य होतं, गाळणी फाटत चालली तरी ती सावकाश फाटेल असं करता येत होतं. ह्यातलं एकही त्यांना नवीन नव्हतं. सगळं त्या दरवर्षी फळ्यावर लिहीत होत्या.

"जा तुम्ही, केरबा," एवढंच त्या म्हणाल्या. लाडवांचा डबा टेबलावर ठेवून तो गेला.

पुढचं काही लांबवण्यासारखं नाही. कोल्हापूरला रक्त दिलं, सोनोग्राफी झाली. डॉक्टर तरुण होते आणि सरळ होते. म्हणाले, काही घराण्यांत गाळणीचाच दोष उतरत येतो, तसं दिसतंय. तुमची मूत्रपिंडं अर्ध्यावर आलीत. तुम्ही दाता होऊ शकत नाही. मग कागदावरून वर बघून म्हणाले, पुढच्या पिढीचीही तपासणी करून घ्यावी लागेल. विशाखानं त्यांचे आभार मानले, रिपोर्टचं पाकीट उचललं आणि त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर गेली. अतुलचा डायलिसिसचा वार होता.

लांबट खोली, ओळीनं खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशेजारी एकेक यंत्र. माणसं डोळे मिटून पडलेली, आणि त्यांचं रक्त नळीतून बाहेर जाऊन, गाळून, दुसऱ्या नळीनं परत येत होतं. अतुल खिडकीजवळ होता. बहीण दिसताच त्यानं मोकळ्या हातानं स्टूल दाखवलं.

"बस की. काय म्हणाला डॉक्टर? तारीख?"

तिनं सगळं सांगितलं. ढग, केरबा, तीन वर्षं, वडिलांचे पाय. काहीही गाळलं नाही. 'मला तीन वर्षं आधी कळलं असतं तर तू इथं नसतास' हेसुद्धा सांगितलं, आणि सांगताना तिला रडू आवरेना. पलीकडच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्यानं डोळे उघडले आणि परत मिटले.

अतुलनं नजर यंत्राकडं वळवली. आशा सुटताना माणसाच्या चेहऱ्यावर काय होतं ते विशाखानं त्या दिवशी समोर बसून बघितलं. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"म्हंजे तुला बी हाय," तो म्हणाला.

"हाय."

"बाबाला, मला, तुला." त्यानं मोकळ्या हाताची बोटं एकेक करून मिटली आणि तिसऱ्यावर थांबला. मग त्यानं तिच्याकडं बघितलं. "आणि मोनाचं?"

इतक्या दिवसांत रोज पहाटे विशाखानं स्वतःची नळी तापवली होती, पाण्याची तापवली होती. शेजारच्या खोलीत झोपलेल्या पोरीची तपासावी हा विचार तिच्या मनात एकदाही आला नव्हता, असं कोण म्हणेल? आला होता. रोज आला होता. आणि रोज तिनं गॅस बंद केला होता.

"न्हाय बघितलं?"

"न्हाय."

"धाडस हुईना व्हय?"

तिनं मान हलवली.

"त्या शिपायाला बी झालं न्हाई," अतुल म्हणाला. आवाज चढवला नाही. "आक्का, माझं ऱ्हाऊ दे. मी काय आज जात न्हाय. पोरीला उद्या सकाळी हितं घिऊन ये. प्रीतीला फोन लाव, माझी दोन्ही पोरं बी तिच्यासंगं येतील. उठ. हितं बसून काय करतीस?"

विशाखानं डोळे पुसले, फोन काढला आणि प्रीतीचा नंबर लावला.